राहू दे तो कोपरा

कढी करत होते. मोहरी तडतडली, गॅस बारीक केला आणि कढीपत्ता तोडायला मागच्या दारी गेले, तर झाडाला नुसते देठ. पानं कुठं गेली हे विचारायची गरजच नव्हती. शेंड्याशी एक हिरवीगार लठ्ठ अळी स्वस्थ बसली होती. खालच्या फांदीवर तिची धाकटी भावंडं, दिसायला हुबेहूब पक्ष्याची शीट. असं सोंग घेतल्यावर कोण कशाला वाटेला जातंय! मी तशीच आत आले. कढी बिनकढीपत्त्याची झाली. दारात झाड असून भाजीवाल्या मावशींकडे कोथिंबिरीवर दोन काड्या फुकट मागणारी आमच्या गल्लीत मी एकटीच. मावशी देतात, पण बघतात.

बाग म्हणावं असं माझ्याकडे काही नाही. पुण्याच्या कडेला रो-हाउस आणि त्याच्या मागे जमिनीचा एक पट्टा. लिंबू, कढीपत्ता, शेवगा, जास्वंद, अडुळसा आणि आपली आपण उगवलेली रानतुळस. औषध मारायचं नाही आणि वाळलेलं काही बाहेर टाकायचं नाही, हे माझे दोन हट्ट. हट्टाला कारण विचारलं की मी नीलवंताचं नाव सांगते. ते काळंनिळं मोठं फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, आपण सगळ्यांनी कौतुकानं फोटो पुढे पाठवले. त्याची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते. म्हणजे राज्याचा मान हवा असेल तर लिंबाला भोकं पडणार. पण कुरतडलेलं पान घेऊन नर्सरीत गेलं की पहिली बाटली पुढे येते ती अळीच्या औषधाची.

एप्रिल आला की या पट्ट्यात गर्दी होते. आपण मे महिन्यात माहेरी जातो, तसे इथे सगळे चैत्रातच येतात. पारा चाळिशीकडे निघाला की सरड्याचा नर डोकं लालबुंद करून कुंपणावर जोर काढायला लागतो. पहाटे दयाळ गातो. मातीच्या पसरट थाळीत मी पाणी ठेवते, मध्ये खडे टाकून, कारण खोल पाण्यात मधमाश्या बुडतात. त्या पाणी प्यायला येतात असं मला वाटायचं. प्यायला येतात तशाच न्यायलाही येतात. पोळ्यात नेऊन पसरतात आणि पंखांनी वारा घालून पोळं गार ठेवतात. आमच्या कूलरची मोटर जळाली होती त्या आठवड्यात मी या गोष्टीचा जरा जास्तच विचार केला. थाळीतलं पाणी रोज बदलायचं, नाहीतर आधी डास येतील.

शिंजिराच्या मादीनं यंदा कपड्यांच्या दोरीच्या टोकाला घरटं टांगलंय. वाळकी पानं, सालींचे तुकडे, अळ्यांच्या लेंड्या आणि हे सगळं बांधून ठेवायला कोळ्याचं जाळं. बाजूला दार, दारावर चक्क छज्जा. हे तिचं सामान बघितल्यापासून मी पडवीतली जळमटं काढणं सोडून दिलं. (घरातल्यांचं म्हणणं, ते मी आधीच सोडलं होतं.) बांधकाम ती एकटी करते. नर शेवग्यावर जांभळानिळा चमकत गात बसतो. पिल्लं झाली की भरवायला येतो, मी पाहिलंय. तरीपण. दोरी आता जूनपर्यंत तिची; आमचे कपडे गच्चीवर.

शेवग्याची एक फांदी वाळून गेली आहे. ‘पडेल कुणाच्या डोक्यात, काढून टाका,’ असं समोरचे काका येताजाता सांगतात. तिच्या पोटाला तांबटानं गोल भोक पाडलंय. जिवंत लाकडात त्याची चोच तितकी चालत नाही, त्याला मेलेली फांदीच लागते. चिमणीएवढा जीव, कपाळावर लाल टिळा. आख्खी गल्ली पंखे लावून झोपलेली असते तेव्हा हा कुठूनतरी टुक्‌ टुक्‌ टुक्‌ करत राहतो आणि ऊन वाढलं की त्याला आणखी चेव येतो. काकांना मी सांगितलं, जून लागला की काढते. कुठल्या वर्षीचा जून ते सांगितलं नाही.

पण खरं भांडण आहे ते कोपऱ्यावरून. शेवग्याखाली, भिंतीला लागून मी पाचोळा साठू देते. त्याखालची माती भर उन्हातही ओलसर राहते, पाणी कमी लागतं. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी पाचोळ्याच्या जोरावर गच्चीतसुद्धा भाज्या पिकवायला कितीतरी लोकांना शिकवलं, तेव्हा हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. सकाळी सातभाईंची टोळी येते, एकेक पान उलटून बघते, मधेच कशावरून तरी कडाकडा भांडते आणि निघून जाते. सापसुरळी सुळकन्‌ आत जाते.

सासूबाईंना तो कोपरा बघवत नाही. त्यात चैत्रगौर. बायका येणार, आंब्याची डाळ, पन्हं, आणि मागच्या दारी हा उकिरडा! त्या स्वतः खराटा घेऊन निघाल्या, मी आडवी आले. शेवटी तह झाला: पुढचं अंगण लख्ख, मागचं माझं. त्यांनी अंगण झाडलं, गेरू लावला आणि गुडघे दुखत असताना बसून चैत्रांगण काढलं. सूर्य, चंद्र, तुळस, शंख, कासव, हत्ती, नाग. त्यांच्या बोटातून नागाचा फणा एका दमात उतरतो. झाडून-पुसून स्वच्छ केलेल्या जागेत मग सगळ्या सृष्टीला बोलवायचं, हे मला फार आवडतं. त्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या एकीनं मागे डोकावून ‘माळी सोडून गेला का हो?’ असं विचारलं. तिच्या लेकीनं मात्र कढीपत्त्यावरची अळी शोधून काढली आणि काडीनं डिवचली. अळीनं डोक्यातून केशरी दुहेरी शिंग बाहेर काढलं, उग्र वास सुटला, पोरगी किंचाळली आणि पुन्हा डिवचायला गेली. पन्हं प्यायला ती आत आलीच नाही.

आजोळी, गुहागरच्या बाजूला, याच दिवसांत पातेरा गोळा करायचे. आंब्याफणसाखाली पानांचा थर साचलेला असायचा. आम्ही सुट्टीला गेलेली पोरं ढिगात उड्या मारायचो, अंगाला खाज सुटेपर्यंत. मग तो पातेरा भाजावळीला जायचा. शेण, कवळ, गवत, त्यावर पातेरा, वर माती असे थर रचून राब भाजायचे. तिथेच पुढे भाताचं रोप उगवायचं. एकदा घराजवळचा छोटा ढीग पेटवायला म्हणून मी मोठ्या ऐटीत काडेपेटी घेऊन पुढे झाले, तर आजीनं मनगट धरलं. ‘थांब गो, आधी काठी घाल आत. जनावर असेल तर त्याला वाट मिळू दे.’ तिनं स्वतः काठी फिरवली, थोडी थांबली, पुन्हा फिरवली. काही निघालं नाही. मला केवढी निराशा वाटली होती! जनावराला वाट देणारी ही बाई उंदरांना मात्र पिंजरा लावायची आणि डोंगळ्यांवर उकळतं पाणी ओतायची. तिचे नियम तिला ठाऊक.

परवा तिन्हीसांजेला मी ओट्याशी उभी होते. पाचोळा हलला. वारा नव्हता. पिवळसर तपकिरी, चांगली लांब धामण कोपऱ्यातून निघाली, भिंतीच्या कडेकडेनं गेली आणि जोत्याखालच्या फटीत शिरली. धामण बिनविषारी असते. ती उंदीर खाते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिला संरक्षण आहे. हे सगळं मला पाठ आहे. खिडकी मी तरीही लावून घेतली आणि खिट्टी दोनदा तपासली.

घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाई हे वाचणार नाहीत, समोरच्या काकांचं काही सांगता येत नाही. मागे जाताना हल्ली मी जमिनीवर काठी आपटत जाते. ‘एवढ्यात काठी कशाला लागली तुला?’ असं सासूबाईंनी काल विचारलं. गुडघा दुखतो म्हटलं.