अर्ध्या ‘र’चे गुण

रविवार, रात्री साडेदहा

आज स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रॅमर मंडळी जिथे एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात आणि वाचणारे मतं देतात त्या साइटवर, पुन्हा दहा गुण जमा झाले. कशाचे, तर जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तारीख ‘दिवस-महिना-वर्ष’ अशी कशी छापायची या प्रश्नाला नोकरीच्या सुरुवातीला कधीतरी दिलेल्या उत्तराचे. चार ओळींचं उत्तर. त्यात अवघड काय, तर महिन्यात एक मिळवायचा, कारण जावास्क्रिप्टचा जानेवारी शून्यापासून सुरू होतो. हे कुणीही सांगितलं असतं. मी आधी सांगितलं, एवढंच. तरी त्याचे गुण अजून येतच असतात.

त्याच खात्यावर माझं आणखी एक उत्तर पडून आहे. शेतीमालाच्या एका ॲपचं काम चालू होतं आणि ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला की अर्ध्याच नोंदी सापडायच्या. उरलेल्या अर्ध्या डोळ्यांसमोर दिसतायत, शब्द तोच आहे, आणि यंत्र म्हणतंय नाही. कारण तो अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ‘य’ लिहायचा. दुसरी, साधा ‘र’ घ्यायचा, पाय मोडायचा आणि मध्ये झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर घालायचं. पडद्यावर दोन्ही एकसारखेच दिसतात. कुठल्या कीबोर्डवरून कुठला येईल याचा नेम नाही. बरं, वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं अक्षर एका रूपात आणणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशन लावावं तर तेही या दोघांना एक मानत नाही. मी उत्तरात सगळं सविस्तर मांडलं होतं: एकेका अक्षराचा क्रमांक, मजकूर साठवण्याआधी सगळं एकाच रूपात कसं आणायचं, आणि आधीच साठलेली नोंदवही कशी दुरुस्त करायची. त्याला मिळालेली मतं बोटांवर मोजावीत इतकी. खाली एकाने लिहिलं होतं की नेपाळी मजकुरातही हीच भानगड होते आणि त्याचं काम झालं. ती कॉमेंट मला फार आवडते, पण तिला गुण नसतात.

हे अन्यायाचं आहे का, यावर संध्याकाळभर डोकं चालवत बसलो. (भाजी आणायची राहिली, त्यावरून जे व्हायचं ते झालं.)

मला वाटतं, गुण कशाचे मिळतात हेच आपण धड बघत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो 2008 साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी सुरू केलं. तिथे प्रत्येकजण 1 गुणाने सुरुवात करतो. उत्तराला कुणी वरचं मत दिलं की 10, प्रश्नकर्त्याने उत्तर स्वीकारलं की 15, खालचं मत पडलं की 2 वजा. या आकड्यांत उत्तर किती अवघड होतं, ते शोधायला किती रात्री गेल्या, याला कुठेच जागा नाही. मोजलं जातं ते एवढंच की त्या दगडाला किती जणांची ठेच लागली. तारखेची ठेच जगभर लागते, अर्ध्या ‘र’ची मराठी आणि नेपाळीवाल्यांना. म्हणजे माझे गुण ही माझ्या हुशारीची नोंद नाहीच, ती अडलेल्यांची शिरगणती आहे.

याला अपवाद आहेत, आणि ते मनापासून बघावेत असे आहेत. 2012 साली एकाने विचारलं होतं की आकडे आधी क्रमाने लावून ठेवले की तोच प्रोग्रॅम इतका जोरात का पळतो. त्यावरचं उत्तर प्रोसेसरच्या पोटात शिरतं: ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा फाट्यावर पुढची फांदी कुठली येणार याचा तो आधीच अंदाज बांधतो, आणि आकडे क्रमाने असले की त्याचा अंदाज क्वचितच चुकतो. हे समजावताना त्या माणसाने रेल्वेच्या सांध्याचं चित्र लावलं आहे. तीस हजारांहून जास्त मतं आहेत त्याला. पण गंमत बघा, मतांतून एका दिवसात 200 च्या वर गुण मिळत नाहीत, असा नियम आहे. एखादं उत्तर व्हायरल झालं की त्या दिवशीची बहुतेक मतं नुसती शोभेची. हा नियम मला पटतो.

त्याहून पटणारा नियम म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराला खालचं मत द्यायचं तर स्वतःचा एक गुण जातो. एकच, पण बोट अडखळतं. आपल्याकडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर असा नियम असता तर निम्मे ग्रुप शांत झाले असते. मात्र प्रश्नाला खालचं मत द्यायला काहीच पडत नाही, आणि प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा नवखा असतो. म्हणजे मुरलेल्यांनी एकमेकांना जपून मारायचं आणि नवख्याला फुकटात. ही गोष्ट मला कधीच नीट वाटली नाही.

ऑफिसात साताऱ्याची एक नवी मुलगी आली आहे. पहिलीच नोकरी. परवा ती विचारत होती, “सर, त्या उत्तरात एक चूक आहे, पण मला तिथे लिहूच देत नाहीये.” बरोबर आहे. दुसऱ्याच्या उत्तराखाली कॉमेंट करायला 50 गुण लागतात. वरचं मत द्यायला 15, खालचं द्यायला 125. स्वतंत्र उत्तर मात्र 1 गुणवाल्यालाही लिहिता येतं. मग नवखी मंडळी जे खाली दोन ओळींत सांगायचं ते उत्तर म्हणून टाकतात, आणि ‘हे उत्तर नाही’ म्हणून ते काढून टाकलं जातं. तिला म्हटलं, दुरुस्ती सुचव, मंजूर झाली की 2 गुण मिळतात. ती म्हणाली, “म्हणजे पंचवीस दुरुस्त्या झाल्या की मग मी बोलायचं?” हिशेब तिचा बिनचूक होता, मला हसू आलं. शिवाय सगळं इंग्रजीत. पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन, जपानी भाषांसाठी स्वतंत्र साइट निघाल्या, आपल्याकडच्या एकाही भाषेला तो योग आला नाही. तिचं इंग्रजी कामापुरतं आहे, पण प्रश्न नेटका लिहायला तेवढं पुरत नाही, आणि तिथे प्रश्न नेटका नसला की पहिल्या दहा मिनिटांत दोन वजा.

तरीही गुण काढून टाका असं मी म्हणणार नाही. 2,000 गुण झाले की दुसऱ्यांचा मजकूर थेट दुरुस्त करता येतो, 3,000 ला प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येतं, 10,000 ला काढून टाकलेलंही दिसायला लागतं. सोसायटीत गच्चीची किल्ली कुणाकडे असते? सगळ्यांत शिकलेल्याकडे नव्हे. जो पुष्कळ वर्षं राहतोय, ज्याने टाकीचं झाकण उघडं टाकून जायचं नाही हे बघितलंय, त्याच्याकडे. एवढ्यापुरते गुण ठीक चालतात. माझ्या तारखेच्या चार ओळींनी मला किल्ली मिळाली, यात कुणाचं नुकसान झालं नाही.

घोळ होतो तो किल्लीला पदक समजलं की. एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो, तिथल्या एचआरच्या बाईंनी प्रोफाइल उघडून आकडा वाचला आणि म्हणाल्या, “वा, म्हणजे तुम्ही टॉपला आहात!” मी काय बोलणार. जॉन स्कीट नावाचा गूगलमधला इंजिनिअर 2018 च्या सुरुवातीला दहा लाखांवर पोचला, तिथवर जाणारा तो पहिला. त्याच्यापुढे आम्ही खिजगणतीतही नाही. आणि आकडा हलतोसुद्धा. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये प्रश्नाच्या वरच्या मताचे 5 चे 10 झाले, तेही मागच्या सगळ्या मतांना धरून. लोक सकाळी उठले ते जास्त गुणांचे होऊन. रातोरात कुणाची अक्कल वाढली असेल असं वाटत नाही. शिवाय गुणांसाठी धावणारेही असतात. प्रश्न पडल्यापडल्या एक ओळ टाकून जागा धरायची, आणि पहिल्या पाच मिनिटांतल्या दुरुस्त्यांची नोंद राहत नाही, तेवढ्यात ती फुलवायची. सावकाश आणि पूर्ण लिहिणारा येईपर्यंत मतं वाटून झालेली असतात.

गेल्या काही वर्षांत सगळ्याचा रंगच बदलला. 2021 मध्ये प्रोसस कंपनीने हा सगळा कारभार 1.8 अब्ज डॉलरला विकत घेतला. 2024 च्या मे महिन्यात, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी इथला मजकूर एआयसाठी देण्याचा करार झाला, तेव्हा काहींनी रागाने आपली उत्तरं पुसायला घेतली. ती परत जागेवर आणली गेली आणि पुसणाऱ्यांची खाती काही दिवस बंद झाली. नियमाने बघितलं तर उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे नाव सांगून कुणीही वापरावीत अशा खुल्या परवान्याखाली, दिलेली होती, देऊन टाकलेली वस्तू मागता येत नाही. पण राग मला समजतो. पैसे कुणी मागितलेच नव्हते. वाचणाऱ्याने वरच्या मताच्या बाणाला बोट लावावं, एवढाच व्यवहार होता. आता साताऱ्याची मुलगी तारखेचं काम एआयला सांगते, त्या चार ओळी (माझ्या की आणखी कुणाच्या, कोण जाणे) तिच्या पडद्यावर येतात, आणि बाण तिथे नसतोच. आजचे दहा गुण आले याचंच म्हणून जरा नवल वाटलं.

जेवण झाल्यावर तिथेच भटकत होतो. एका विद्यार्थ्याचा प्रश्न दिसला, मराठी नावांची यादी क्रमाने लावताना ‘क्षितिज’ हा ‘क’च्या घोळक्यात जातो आणि ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येऊन बसतो. शाळेत तर आपण ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असं शेवटी म्हणतो. युनिकोडचे क्रमांक जसे लावलेत तसंच यंत्र लावणार, त्याचा दोष नाही. प्रश्नाला उत्तर नाही, मत नाही. इंग्रजी मोडकंतोडकं, पण काय हवंय ते स्पष्ट. मला उत्तर थोडंफार येतं, त्याच्या डेटाबेसमध्ये ते कसं बसवायचं ते येत नाही. म्हणून बाउंटी लावली. आपल्या खात्यातले 50 ते 500 गुण काढून प्रश्नावर ठेवायचे, म्हणजे तो सात दिवस वेगळ्या यादीत सगळ्यांना दिसतो. मी 200 ठेवले, तारखेच्या उत्तराचे समजू. गुण त्याच क्षणी खात्यातून गेले. चांगलं उत्तर आलं तर लिहिणाऱ्याला मिळतील. कुणी आलंच नाही तरी परत मिळणार नाहीत, नियमच तसा आहे. प्रश्नाला एक वरचं मत दिलं, त्याचं इंग्रजी थोडं सरळ केलं, आणि खाली विचारलंय की डेटाबेस मायएसक्यूएल आहे की पोस्टग्रेस, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे.