चोर्ला ओलांडून फातोर्डा: जिंकलेल्या रात्री हरून परत

स्कोअर आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल. एफसी गोवा 2, बेंगळुरू एफसी 1. रविवार, 6 एप्रिल 2025, इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल लीगच्या सेमीफायनलचा दुसरा लेग, म्हणजे दोनपैकी दुसरी मॅच, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. मॅच आम्ही जिंकली आणि फायनल गेली. बुधवारी पहिल्या लेगला बेंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर 2-0 असा मार खाऊन संघ परतला होता. दोन्ही मॅचचे गोल मिळून 3-2 झालं आणि बेंगळुरू पुढं गेलं. त्यांचा तो तिसरा गोल इंजुरी टाइमच्या दुसऱ्या मिनिटाला बसला. त्यानंतर चार दिवस नीट झोप नव्हती.

बेळगावचा माणूस गोव्याच्या संघामागं का जातो, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. गाडीला केए 22 ची पाटी आणि अंगात नारिंगी जर्सी. माझं उत्तर ठरलेलं आहे. बेंगळुरू आमच्यापासून पाचशे किलोमीटर, फातोर्डा दीडशेच्या आत. मामांच्या पिढीनं धेंपो, साळगावकर, चर्चिल हे गोव्याचे जुने क्लब बघितले. धेंपोनं पाच वेळा देशाची लीग जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटलेले मला आठवतात. संघ घाटापलीकडं, आम्ही घाटाअलीकडं. त्यांची घरची मॅच म्हणजे आमची बाहेरगावची मॅच, हे कायमचंच.

त्या वेळी आम्ही तिघं होतो. मी, कॅम्पातला एक मित्र आणि अडुसष्ट वर्षांचे मामा. त्या दिवशी रामनवमी. बाराचा पाळणा झाल्याशिवाय मामा हलणार नव्हते. सुंठवड्याची पुडी खिशात टाकून, उपवासाची केळी आणि शेंगदाण्याचे लाडू पिशवीत भरून साडेबाराला टिळकवाडीतून निघालो. मॅच साडेसातची होती. एवढा वेळ हातात ठेवाच. अंतर बघून तीन तास धराल, पण घाट, फोंड्यातली गर्दी आणि पार्किंग धरून चार-साडेचार होतात.

रस्ते दोन. एक खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले. दुसरा पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी आणि तिथून होंडा, उसगाव, फोंडा, बोरीचा पूल, मडगाव. आम्ही चोर्ल्यानं गेलो. अनमोडला ट्रक फार, आणि एका ट्रकमागं अडकलात की उतार संपेपर्यंत त्याच्याच मागं. चोर्ला अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, पण दुपारी मोकळा मिळतो. गोवा एक्स्प्रेस बेळगावहून लोंढ्यावरून मडगावला जाते खरी, पण रात्रीची मॅच संपवून परत यायला तिचा उपयोग नाही. पणजीच्या एसट्या भरपूर आहेत. मडगावला जायचं तर बहुतेक वेळा पणजीत गाडी बदलावी लागते आणि परतीचं रात्री काही खरं नसतं. एसटीनं जाणार असाल तर मडगावात मुक्काम धरूनच निघा. कदंबाच्या मडगाव स्टँडवरून स्टेडियम चालत गाठता येतं, ही त्यातली सोय.

जांबोटीला चहा घ्या. पुढं घाट उतरेपर्यंत काही मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही थांबलो तेव्हा टपरीपुढं एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं विकत होत्या. कणकुंबीला माउलीच्या देवळासमोर मामांनी गाडी थांबवायला लावली. मलप्रभा इथं उगम पावते. आणि याच गावाच्या शिवारात कळसा कालव्याचं काम; म्हादईच्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक ही दोन राज्यं किती वर्षं कोर्टात भांडतायत ते आपल्याला ठाऊक आहे. मामांनी जर्सीवर शर्ट चढवला, हात जोडले आणि परत येऊन बसले. काय मागितलं ते विचारलं नाही.

कणकुंबी सोडली की मोबाइलला रेंज नाही, थेट केरीपर्यंत. तिकिटाचा क्यूआर आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि नकाशा उतरवून घ्या. पेट्रोल गोव्यात स्वस्त आहे, म्हणून बेळगावात गरजेपुरतं टाका आणि टाकी साखळीत फुल्ल करा. गाडीची सगळी कागदपत्रं जवळ असू द्या, पीयूसीसुद्धा.

पाचच्या सुमारास फातोर्ड्याला पोचलो. गाडी लावत होतो तर निळ्या जर्सीतली पाच-सहा पोरं धावतच आली. केए पाटी बघून त्यांना वाटलं, आपलीच माणसं. "नम्मवरे!" एकानं काचेवर थाप मारली. रात्रभर गाडी चालवून आली होती बिचारी. मामांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली, आतलं नारिंगी दिसलं आणि पोरं हसायला लागली. त्यातल्या एकाला मोडकंतोडकं मराठी येत होतं, आजोळ निपाणीचं. फेब्रुवारीपासून इकडं बेळगावात मराठी-कन्नड भाषेवरून काय चाललं होतं ते आपण भोगलंय. एसट्या बंद झाल्या, 22 मार्चला बंद पाळला गेला. म्हणून निघताना घरच्यांनी दहा वेळा बजावलं होतं, कुणाच्या तोंडाला लागू नका. तसं काहीही झालं नाही. मामांनी त्या पोरांना सुंठवडा दिला.

आत जाताना पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली, पॉवर बँकही. ती परत गाडीत ठेवून येण्यात अर्धा तास गेला. रिकाम्या हातानं जा. आतलं खाणं महाग आणि लवकर संपतं, तेव्हा बाहेरच खाऊन घ्या. मडगावात आलात तर रस-आमलेट सोडू नका. गाड्यावर उभं राहून, झणझणीत रस्सा, वर कांदा-लिंबू आणि पाव. मामांचा उपवास, त्यामुळं त्यांनी केळी सोलली आणि आमच्या ताटल्यांकडं बघायचं टाळलं.

बसायचं कुठं, यावर थोडं सविस्तर. ईस्ट लोअर हा ढोलवाल्यांचा स्टँड. ईस्ट लोअर आर्मी या चाहत्यांच्या गटाची पोरं नव्वद मिनिटं उभी असतात, गात असतात. पहिल्यांदाच येत असाल आणि पाय धड असतील तर तिथंच जा. वयस्कर माणूस बरोबर असेल तर तिथलं तिकीट काढू नका. आम्ही बाजूचं काढलं होतं, तरी मामा अर्धा वेळ उभेच होते.

हाफटाइमला 0-0. सगळं स्टेडियम घशात आवंढा घेऊन बसलेलं. 49व्या मिनिटाला आमच्या बोर्हा हेरेराचा गोल बसला आणि पुढची चाळीस मिनिटं मी घड्याळ आणि मैदान याशिवाय काही बघितलेलं नाही. एक गोल हवा होता, फक्त एक. 88व्या मिनिटाला सादिकूनं तो दिला. मागच्या रांगेतला अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला, मित्राचा चष्मा कुठं उडाला पत्ता नाही. दोन्ही मॅच मिळून 2-2. आता एक्स्ट्रा टाइम, आणि वारा सगळा आमच्या बाजूनं. तिथं असलेल्या प्रत्येकाला तेव्हा खात्री होती की आता आपणच.

मग उजवीकडून बेंगळुरूच्या नामग्याल भूतियाचा क्रॉस आला आणि सुनील छेत्रीनं अंग झोकून हेडर मारला. चाळिशी पूर्ण केलेला माणूस. चेंडू जाळ्यात गेलेला मी पाहिला, पण आवाज आला नाही. आमच्या बाजूचा आवाज एका क्षणात कापल्यासारखा बंद झाला, आणि मग मैदान ओलांडून त्या मूठभर निळ्या पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. माझ्या चार रांगा खाली एक ढोलवाला होता. त्याचा उजवा हात वर होता, टिपरू हातात. तो हात त्यानं खाली आणला, टिपरू ढोलाच्या दोरीत खोचलं, दोन्ही तळवे ढोलाच्या कातड्यावर सपाट ठेवले आणि तसाच उभा राहिला. गुंजणारा ढोल शांत करायला ठेवतात तसे.

2015 ची फायनल मी इथंच बघितली होती. 20 डिसेंबर, समोर चेन्नईयन. 87व्या मिनिटाला आम्ही 2-1 ने पुढं आणि शिट्टी वाजली तेव्हा 2-3. मग 2019, मुंबईतली फायनल, याच बेंगळुरूकडून, एक्स्ट्रा टाइम संपायला आला असताना राहुल भेकेचा गोल. ती टीव्हीवर बघितली. शेवटच्या मिनिटांनी आम्हाला असं तीनदा गाठलंय. दर वेळी वाटतं, आता सवय झाली असेल. होत नाही. संघ वाईट खेळला असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो; ही पोरं जीव तोडून खेळली.

बाहेर पडताना ती निळी पोरं पुन्हा भेटली. नाचत होती, पण मामांना बघून थांबली. मामांनी प्रत्येकाशी हात मिळवला. "चलो आडिद्री," म्हणाले, चांगलं खेळलात. निपाणीच्या आजोळवाला मामांच्या पाया पडला.

परतीबद्दल नीट ऐका. मॅच संपल्यावर लगेच गाडी काढू नका, अर्धा तास थांबा, नाहीतर तोच वेळ कोंडीत जातो. फोंड्यानंतर खाण्याचं काही उघडं सापडत नाही, म्हणून मडगावातूनच काहीतरी बांधून घ्या. ड्रायव्हर दोन हवेत. गोव्याची दारू गाडीत ठेवू नका, एक बाटलीसुद्धा. परवाना नसेल तर कर्नाटकात गुन्हा आहे, कणकुंबीच्या नाक्यावर डिकी उघडून बघतात. जूननंतर चोर्ल्यात धुकं आणि दरडी. पावसाळ्यात रात्री घाट चढूच नका, सरळ मुक्काम करा.

आणि गवे. केरी सोडून घाट चढलो तेव्हा एक वाजत आला होता. वरच्या सपाटीला वळण घेतलं आणि मित्रानं करकचून ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध एक नर उभा होता. काळाभोर, खांदा आमच्या गाडीच्या टपापेक्षा उंच, चारी पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. अशा वेळी हॉर्न वाजवायचा नाही, लाइट डिमवर घ्यायचा, इंजिन चालू ठेवून थांबायचं. तो आपल्या सवडीनं जातो. आमच्या छातीवरच्या बिल्ल्यात हाच गवा आहे. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. नंतर तो झाडीत उतरला, त्याच्यामागून दोन माद्या आणि एक वासरू रस्ता ओलांडून गेलं. मामा मागच्या सीटवर रडत होते. मी आरशात बघितलं आणि आरसा वर फिरवला.

नाक्यावर हवालदारानं डिकी उघडायला लावली. केळीच्या साली, तीन पाण्याच्या बाटल्या आणि पॉवर बँक. अडीचला मामांना दारात सोडलं.

पुढच्या सीझनला आम्ही जाणार आहोतच. गाडीत मागची एक जागा रिकामी असते. यायचं असेल त्यानं नाथ पै सर्कलला येऊन थांबायचं, पेट्रोल वाटून घेऊ. खायचं आपापलं आणा.