गळ्याशी वस्तरा
आज गंगावेशीत दाढीला बसलो होतो. मोबाईलवर वाचत होतो अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 'नी सेंटर' या संशोधन केंद्राबद्दल. कुठल्या धंद्याला सरकारी परवाना लागावा, याचा तिथले संशोधक अभ्यास करतात. १९५० च्या दशकात तिकडं साधारण ५ टक्के कामगारांना परवाना लागायचा, आता २० टक्क्यांच्या आसपास. न्हाव्यालासुद्धा! शेकडो तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा.

दाढी करणाऱ्या मामांना सांगितलं. वस्तरा गळ्यावर तसाच थांबला. "परीक्षा? आमच्या आबांनी फुग्याला साबण लावून वस्तरा फिरवायला लावला. फुटला की मुस्काटात!"

हसायचीही चोरी.

"वायरमनला मात्र लायसन पायजेच बघा," मामा म्हणाले. "मागच्या पावसाळ्यात एकानं असली वायरिंग केली, नळाला हात लावला की झटका."