मृत्युपत्राचे साक्षीदार निवडताना

आत्याचं मृत्युपत्र दोन पानांचं. एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे त्याप्रमाणे वाटप पार पाडणारी म्हणून, माझं नाव. तिने मला आधी विचारलं होतं. "मुलगा-मुलगी दोघांपैकी एकाला नेमलं तर दुसऱ्याला कायम डाचेल. तुला यातलं काही मिळणार नाहीये, म्हणून तूच," असं स्वच्छ सांगितलं होतं. तिचा तो निर्णय किती शहाणपणाचा होता, ते ती गेल्यावर कळलं.

फ्लॅट मुंबईतला, मृत्युपत्रही मुंबईतच केलेलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा मृत्युपत्राला हायकोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागायचं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधलं ते कलम २१३. ते २०२५ च्या अखेरीस काढून टाकलं, त्यामुळे आता प्रोबेटची सक्ती राहिलेली नाही. हे वाचून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी "सुटलो" म्हटलं. मला मात्र काळजी वाटते. उद्या एखाद्या वारसाने हरकत घेतली तर मृत्युपत्र कोर्टात शाबीत करावंच लागणार, आणि ते शाबीत होतं साक्षीदारांच्या जिवावर.

वकीलबाईंनी आमचं मृत्युपत्र हातात घेतलं आणि मजकूर न वाचता सरळ शेवटचं पान उघडलं. "साक्षीदार हयात आहेत का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

एक साक्षीदार शेजारचे काका. ते आत्याच्याही आधी गेले होते. दुसऱ्याच्या सहीचा नुसता फराटा, नाव नाही, पत्ता नाही. पण खाली पुसट रबरी शिक्का होता आणि त्यात वैद्यकीय नोंदणीचा क्रमांक. त्यावरून कळलं, की हे तिचे जुने डॉक्टर. दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला गेलेले. सापडले, आणि सुदैवाने त्यांना सगळं आठवत होतं. आत्याने चष्मा पुसला, दोन्ही पानं स्वतः वाचली, मग त्यांच्या आणि काकांच्या देखत सही केली. त्यानंतर या दोघांनी तिच्यासमोर सह्या केल्या. एवढंच त्यांच्या प्रतिज्ञापत्रात आलं. मृत्युपत्रात काय लिहिलंय हे त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं आणि ते माहीत असण्याची गरजही नसते.

तेही हयात नसते तर? मग निदान एका साक्षीदाराचं हस्ताक्षर आणि आत्याची सही ओळखणारं माणूस शोधून त्याच्याकडून ते सिद्ध करावं लागलं असतं. जमतं, पण हरकत घेणाऱ्याला तिथे भरपूर वाव मिळतो.

आमच्याकडे हरकत येता येता राहिली. धाकट्या आतेभावाचं नाव बँकेतल्या ठेवींवर नॉमिनी म्हणून होतं आणि ते पैसे आपलेच, असं तो धरून चालला होता. मृत्युपत्रात ठेवी दोघा भावंडांत समान होत्या. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे तो माणूस. मालकी ठरते मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. वकीलबाईंनी त्याला समोर बसवून हे शांतपणे समजावलं. मी सांगितलं असतं तर ते बहिणीची बाजू घेतल्यासारखं झालं असतं. त्याने संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं. कॅव्हिएट, म्हणजे कोर्टात लेखी हरकत, दाखल केलं असतं तर प्रोबेटच्या अर्जाचा दावा झाला असता आणि दोघं भावंडं उलटतपासणीत समोरासमोर उभी राहिली असती. वकिलाची फी वाचवायला निघालेल्यांना मी हा प्रसंग नेहमी सांगते.

बाकी कागदपत्रांचं काम वेळखाऊ, पण अवघड नाही. मालमत्तेची यादी, देण्यांची यादी, मृत्यूचा दाखला, मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा. आधी देणी फेडायची, मग वाटप.

माझं मृत्युपत्र मी याच वकीलबाईंकडून करून घेतलं. कोरा कागदही चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. तरी मी नोंदणी केली. साक्षीदार दोघी, दोघी माझ्याहून बऱ्याच लहान, आणि दोघींनाही माझ्याकडून काही मिळणार नाही. सहीखाली पूर्ण नाव आणि कायमचा पत्ता. एक्झिक्युटर एक, आणि तो नसेल किंवा नाही म्हणाला तर पर्यायी दुसरी. शेवटी वकीलबाईंनी आग्रहाने घातलेलं एक वाक्य: वर उल्लेख नसलेली आणि पुढे मिळणारी सगळी मालमत्ता कुणाला जाईल. आत्याच्या मृत्युपत्रात ते नव्हतं. नंतर घेतलेली एक छोटी ठेव त्यामुळे मृत्युपत्राच्या बाहेर राहिली आणि तिच्यासाठी वारसा कायदा लावावा लागला.

मूळ प्रत कुठे आहे, ते एक्झिक्युटरला सांगून ठेवलंय. मजकूर सांगितलेला नाही. घर विकलं किंवा नवं घेतलं तर मृत्युपत्र पुन्हा काढून वाचायचं. आणि बदल पेनाने खाडाखोड करून नाही करायचा. त्यासाठी जोडायची पुरवणीसुद्धा मृत्युपत्रासारखीच, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी.