घरफोडीनंतर क्लेम आधी कुठे? कार्डाचं कव्हर आणि घराची पॉलिसी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानातून क्रेडिट कार्डावर ७२,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला आणि महिनाभरात घरफोडीत गेला, असं धरू. घराच्या पॉलिसीत घरफोडीचं कव्हर आहे, कार्डावर पर्चेस प्रोटेक्शन, म्हणजे कार्डाने घेतलेल्या वस्तूचं विमा कव्हरही आहे. तरी दोन्हीकडून मिळून हातात येणार जास्तीत जास्त ७२,०००च. विमा झालेलं नुकसान भरून देतो, त्यावर कमाई करू देत नाही. प्रश्न एवढाच की कोणी किती द्यायचं.

कार्डाचं कव्हर बँक स्वतः देत नाही. बँकेने एखाद्या विमा कंपनीकडून ग्रुप पॉलिसी, म्हणजे कार्डधारकांसाठी एकत्रित पॉलिसी, घेतलेली असते. म्हणून जाहिरातीचं पान बाजूला ठेवा, कस्टमर केअरकडून पॉलिसीच्या अटी ईमेलवर मागवा आणि त्यात 'इतर विमा' हे कलम शोधा. तिथे साधारण दोनांपैकी एक अट असते. एक, दुसरीकडून जे मिळालं नाही तेवढंच आम्ही देऊ. दुसरी, मर्यादांच्या प्रमाणात दोघांनी वाटून द्यायचं.

फरक मोठा पडतो. घराच्या पॉलिसीत या वस्तूची मर्यादा १ लाख, ग्राहकाने सोसायची रक्कम, म्हणजे एक्सेस, ५,००० आणि कार्डाची मर्यादा ५०,००० धरा. घसारा, म्हणजे वापरामुळे कमी झालेली किंमत, सोडून देऊ. पहिल्या अटीत घराची पॉलिसी ६७,००० देते आणि उरलेल्या ५,०००साठी कार्डाकडे मागणी करता येते. प्रमाणाच्या अटीत वाटणी २:१, म्हणजे ४८,००० आणि २४,०००. ४८,०००मधून एक्सेस गेला की ४३,०००. एकूण ६७,०००च. तो एक्सेस कार्डाकडून मिळेल का, हे पूर्णपणे शब्दांवर ठरतं, म्हणून कलम वाचल्याशिवाय फॉर्म भरूच नका.

घराची पॉलिसी 'भारत गृह रक्षा' असेल तर जास्त जपून. १ एप्रिल २०२१ पासूनच्या या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, भूकंप आहेत; चोरी मात्र अशा घटनेमुळे आणि तिच्यानंतर ७ दिवसांत झाली तरच. नुसत्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं. ते नसेल तर कार्डच मुख्य आधार. पुराचं उलट आहे: कार्डाच्या कव्हरात बहुधा आग आणि घरफोडी एवढंच लिहिलेलं असतं. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्यांनी नव्या फ्रिजसाठी कार्डावर विसंबू नये.

चोरी कळल्या दिवशीच दोन्हीकडे कळवा आणि दोन्ही क्लेम नंबर लिहून ठेवा. काही कार्डांत मुदत २४ ते ४८ तासांचीच असते. घराच्या कंपनीच्या निर्णयाची वाट बघत बसलं की ती हमखास हुकते. पोलीस ठाण्यात एफआयआरच करा, नुसता तक्रार अर्ज चालत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ऑनलाइन नोंदवली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. पंचनाम्यात कुलूप, कोयंडा किंवा खिडकी कशी फोडली हे आलं पाहिजे. जबरदस्तीने शिरल्याची खूण नाही, या कारणावर क्लेम नाकारले जातात.

बिलावर सीरियल नंबर आणि कार्डधारकाचं नाव हवं, सोबत तो व्यवहार दाखवणारं स्टेटमेंट. अर्धे पैसे रोख दिले असतील तर कार्डाचं कव्हर सहसा कार्डावरच्या रकमेपुरतंच. दागिने, रोकड, कधीकधी मोबाइलही वगळलेले असतात, आणि विक्रीसाठी आणलेला माल जवळपास नेहमीच.

मूळ बिल दोन्ही कंपन्या मागतात. पहिल्या कंपनीला देताना साक्षांकित प्रत करून पोच घ्या, नंतर तिचं सेटलमेंट लेटर किंवा नकाराचं पत्र कार्डाच्या कंपनीला जोडा. लेटरमध्ये एक्सेस आणि घसारा वेगळे दाखवून मागा. एकच आकडा असेल तर दुसरी कंपनी कागद परत पाठवते. 'फुल अँड फायनल' व्हाउचरवर सही करताना ते त्या एका पॉलिसीपुरतं आहे, असं लिहून घ्या. आणि फॉर्ममधल्या 'इतर विमा आहे का' पुढे खरं तेच लिहा. माहिती लपवली म्हणून अख्खा क्लेम जातो, खरा असला तरी.

नकार पटला नाही तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर कोल्हापूरकरांसाठी पुण्याचा विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी, आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही चालतात. अर्ज नकारापासून एका वर्षाच्या आत गेला पाहिजे.