‘चार्ज’ शिकताना

शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकील मॅडमच्या ऑफिसात मी भाषांतराचं काम शिकत होते. मी जुन्नर तालुक्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाचायला अडचण नव्हती. अडत असे ते अगदी साध्या शब्दांपाशी, कारण ते आपल्याला येतात अशी खात्री असायची आणि मी कोश उघडायचेच नाही.

पहिल्याच महिन्यात बँकेचं एक पत्र आलं. अमुक मिळकतीवर बँकेचा ‘चार्ज’ आहे, एवढंच वाक्य. मी लिहिलं, ‘सदर मिळकतीवर बँक आकार घेते.’ मॅडमनी कागद माझ्यासमोर ठेवला. “अगं, पक्षकार हे वाचून काय समजेल? बँक दर महिन्याला पैसे मागणार, असंच ना? त्या घरावर कर्ज आहे, हे त्याला कळायलाच हवं.” त्या रागावल्या नाहीत, पण मला ते फार लागलं. त्या माणसाचं घर होतं ते.

त्या संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर फक्त ‘चार्ज’ लिहिलं. जिथे हा शब्द भेटेल तिथलं अख्खं वाक्य उतरवायचं आणि समोर मराठी लिहायचं, असं ठरवलं. सुटा अर्थ लिहायचा नाही. हा नियम मी आजही मोडत नाही.

सोपी पानं लवकर भरली. फोन चार्जिंगला लावणं, साहेबांनी चार्ज घेणं म्हणजे पदभार स्वीकारणं, लाठीचार्ज म्हणजे लाठीमार. सदाशिव पेठेतल्या खोलीचं लाइट बिल हातात आलं तर त्यावर तीन ओळींत तीन चार्ज: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. माझ्या चुकीचं मूळ तिथेच होतं. पैशाच्या चार्जला ‘आकार’ हा चांगला शब्द मला माहीत होता आणि तोच मी सगळीकडे वापरत होते.

एका छोट्या शब्दाने मला आठवडाभर अडवलं. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा. मधे ‘द’ आला, ‘इन द चार्ज ऑफ’, की बहुतेक वेळा अर्थ फिरतो आणि ज्याला सांभाळलं जातं तो पुढे येतो. मुलगा ‘इन द चार्ज ऑफ’ मावशी असेल तर मुलगा मावशीच्या ताब्यात. ‘द’ नजरेतून सुटला तर मुलगाच मावशीचा पालक ठरतो. ताब्याच्या दाव्यातल्या कागदात असं झालं तर केवढा घोळ!

मग फौजदारी कागद आले. तिथे तर या शब्दाची वेगळी शाळाच आहे. चार्जशीट पोलीस दाखल करतात, ते आरोपपत्र. पण ‘चार्ज फ्रेम’ करतं ते न्यायालय, त्याला आरोप निश्चित करणं म्हणायचं. आरोप ठेवण्याइतका आधारच नसेल तर न्यायालय आरोपीला ‘डिस्चार्ज’ करतं, म्हणजे दोषारोप न ठेवताच सोडतं. खटला पूर्ण चालून सुटका झाली तर तो डिस्चार्ज नव्हे, ती निर्दोष मुक्तता. बातम्यांत दोन्हींना सर्रास ‘दोषमुक्त’ म्हटलेलं असतं आणि ते मला खटकतं. डिस्चार्ज झालेल्या माणसावर नवा पुरावा मिळाला तर पुन्हा कारवाई होऊ शकते. निर्दोष मुक्तता झाली आणि ती कायम राहिली, तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. एवढा फरक एका शब्दात बुडवणं बरोबर नाही.

वही अर्धी भरली तरी धागा सापडेना. तो सापडला शब्दाच्या उगमाशी. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरण्याचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आलं. कार, कॅरी, कार्गो ही सगळी त्याचीच भावंडं. चार्ज म्हणजे मुळात लादणं! बंदुकीत दारू ठासणं हाही चार्जच. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग करणारे बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासारखे लोक भांड्यात वीज ‘भरण्याला’ हाच शब्द वापरत.

मग मी माझ्याच वहीतला मराठी रकाना पुन्हा वाचला. पदभार. प्रभारी. विज्ञानाच्या पुस्तकातला धनप्रभार, ऋणप्रभार. सगळीकडे भार! आणि आरोप? वृक्षारोपणातलं आरोपण तेच. दोषारोप म्हणजे दोष कुणावर तरी नेऊन ठेवणं. आपल्या परिभाषा घडवणाऱ्यांनी किती विचार केला असेल, या कल्पनेने मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

बँकेच्या त्या पत्रातल्या चार्जला मॅडमनी ‘बोजा’ लिहायला सांगितलं होतं. तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या सात-बाऱ्यावर ‘इतर हक्क’मध्ये गावच्या विकास सोसायटीचा बोजा होता. अण्णा त्याला ‘इकरार’ म्हणायचे. सहकारी संस्था अधिनियम, 1960 चं कलम 48 काढून पाहिलं, तर सभासदाने कर्जासाठी जमिनीवर करून दिलेल्या त्या बोज्याला इंग्रजीत ‘चार्ज’च म्हटलेलं. गहाण आणि बोजा यांतला फरकही तेव्हा उमगला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे गहाणात मिळकतीतला हितसंबंध घेणाऱ्याकडे जातो. बोज्यात तो मालकाकडेच राहतो. मिळकत फक्त त्या रकमेला जामीन असते. घरचा सात-बारा इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला हे कधी दिसलं नव्हतं.

मी अण्णांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “इंग्रजीत बी वझंच म्हणत्यात व्हय?”

पुढच्या वर्षी सोसायटीचं कर्ज फिटलं. काही बाकी नसल्याचा बेबाकी दाखला देऊन अण्णांनी सात-बाऱ्यावरचा बोजा काढण्यासाठी फेरफार धरायला लावला आणि नोंद मंजूर झाली त्या दिवशी त्यांचाच फोन आला. “उतरला बाई बोजा एकदाचा.” मी वही काढली. त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि समोरच्या रकान्यात लिहिलं: डिस्चार्ज.