तूट वाढत चालली, तर आधी काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुधा असा येतो: सरकारची वित्तीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्त झालेला आणि कर्ज काढून भागवलेला खर्च, दरवर्षी वाढत असेल, तर खर्च कापावा की कर वाढवावेत? हे दोन पर्याय खरेच आहेत, पण तिथे पोचण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. तूट खरी किती आहे, त्यातली किती आपोआप ओसरणार आहे आणि उरलेली किती वर्षांत भरून काढायची. यातली एक पायरी जरी गाळली, तरी पुढची कात्री चुकीच्या जागी लागते, आणि त्याची किंमत अर्थखात्याला नाही, तर दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते.

मोजणीपासून सुरुवात करू. ग्रीसमध्ये ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या नव्या सरकारने त्या वर्षाची तूट जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभरातल्या एकूण उत्पादनाच्या, १२.७ टक्के असल्याचं सांगितलं. आधीच्या सरकारने सांगितलेल्या आकड्याच्या ती दुपटीहून अधिक होती. अंतिम मोजणीत ती १५ टक्क्यांच्याही वर गेली. संकट तुटीचं होतंच, पण रोखे घेऊन सरकारला कर्ज देणाऱ्यांचा आकड्यांवरचा विश्वास उडाला, ती इजा अधिक खोल होती. तूट लपवायच्या वाटा सगळीकडे सारख्याच असतात. कंत्राटदारांची बिलं पुढच्या आर्थिक वर्षात ढकलायची, करपरतावे अडवून ठेवायचे, सरकारी महामंडळाला कर्ज काढायला लावून त्याला हमी द्यायची. भारतात अन्न महामंडळाला अनुदानाच्या ऐवजी राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज दिलं जात होतं. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ती पद्धत थांबवून तो बोजा थेट अर्थसंकल्पात आणला, आणि २०२०-२१ च्या तुटीचा सुधारित अंदाज ९.५ टक्के दाखवला. महामारीच्या वर्षात आकडा तसाही मोठाच होता, त्यात हीही भर पडली. पण हे योग्यच झालं, असं मला ठामपणे वाटतं. थकीत देणी, हमी आणि अर्थसंकल्पाबाहेरची कर्जं एका तक्त्यात मांडल्याशिवाय तुटीवर चर्चा सुरूच करू नये.

दुसरी गोष्ट, या तुटीतला किती भाग मंदीचा आहे? मंदी आली की करवसुली घटते आणि बेकारभत्त्यासारखा खर्च वाढतो. जिथे सरकारचा महसूल जीडीपीच्या ४० टक्क्यांच्या आसपास आहे, तिथे उत्पादन नेहमीच्या पातळीपेक्षा १ टक्क्याने घसरलं, की तूट साधारण ०.४ ते ०.५ टक्क्याने वाढते. कुणी एक पैसा जास्त खर्च केलेला नसतो. हा भाग अंगात आलेल्या तापासारखा आहे, तो उतरू द्यावा. तसाच एकवेळचा खर्चही वेगळा काढावा. आयर्लंडची २०१० ची तूट जीडीपीच्या ३० टक्क्यांच्या वर गेली, कारण बुडणाऱ्या बँका सावरण्याचा खर्च त्या वर्षात नोंदला गेला. हे दोन्ही वजा केल्यावर उरते ती संरचनात्मक तूट, म्हणजे अर्थव्यवस्था ठणठणीत असतानाही राहील ती. उपाय करायचा तो हिच्यावर. अडचण अशी, की आपली मंदी तात्पुरती आणि आपली तेजी कायमची आहे असं प्रत्येक सरकारला वाटतं. म्हणून हा अंदाज अर्थमंत्र्यांच्या हाताखालच्या माणसांनी करू नये.

आता थोडं गणित, कारण त्याच्याशिवाय «किती तूट चालेल» हे सांगताच येत नाही. समजा कर्ज जीडीपीच्या ८० टक्के आहे, त्यावरचं सरासरी व्याज ७ टक्के, आणि महागाई धरून जीडीपी वर्षाला ९ टक्क्यांनी वाढतो. व्याजाने कर्ज फुगतं, पण जीडीपी त्याहून वेगाने फुगतो, म्हणून व्याजापलीकडे नवं कर्ज न काढता कर्जाचं जीडीपीशी गुणोत्तर ७८.५ टक्क्यांवर येतं. म्हणजे व्याज सोडून उरणारी तूट, जिला प्राथमिक तूट म्हणतात, ती सुमारे १.५ टक्के असली तरी कर्ज ८० वर स्थिर राहील. आता वाढीचा दर ९ वरून ५ वर आणा. तेच कर्ज ८१.५ वर जातं. ते थोपवायला १.५ टक्के प्राथमिक शिल्लक, म्हणजे व्याज सोडून इतर खर्च भागवून उरलेला महसूल, लागते. खर्च तोच, कर तेच, तरी ३ टक्क्यांचा फरक पडला. युरोपच्या मास्ट्रिक्ट करारातले ३ टक्के तूट आणि ६० टक्के कर्ज हे आकडेही असेच एकमेकांना बांधलेले आहेत: ६० टक्के कर्ज आणि ५ टक्के वाढ धरली, की तूट ३ च्या जवळ बसते. वाढ ५ नसलेल्या देशाने तोच ३ चा आकडा उचलला, तर त्याच्यामागचं गणित त्याच्याबरोबर येत नाही.

वेगाबद्दल लोक मला म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढं साधं आहे. कुटुंबाला ते लागू पडतं. सरकारच्या बाबतीत पाय आखडले की अंथरूणही आखडतं, कारण सरकारचा खर्च हे कुणाचं तरी उत्पन्न असतं. कर्ज जीडीपीच्या १५० टक्के असताना १ टक्क्याची कपात केली आणि तिच्यामुळे जीडीपी १.५ टक्क्याने घटला, असं धरा. महसूल ४० टक्के असेल तर ०.६ टक्के वसुली बुडते, खरी बचत ०.४ उरते, आणि कर्जाचं गुणोत्तर कमी होण्याऐवजी पहिल्या वर्षी जवळपास १५२ वर जातं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ऑक्टोबर २०१२ मध्ये मान्य केलं, की कपातीचा जीडीपीवरचा परिणाम अंदाजात साधारण ०.५ पट धरला होता आणि प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ पट निघाला. तोवर ग्रीसची अर्थव्यवस्था आक्रसत गेली होती. २००८ ते २०१३ मध्ये ती सुमारे चौथ्या हिश्श्याने लहान झाली. २०१२ मध्ये खासगी धनकोंनी मोठी सूट देऊनही कर्जाचं गुणोत्तर २००९ पेक्षा वरच राहिलं. म्हणून बाजार कर्ज देत असेल, तोवर दरवर्षी जीडीपीच्या अर्धा ते एक टक्का एवढीच संरचनात्मक तूट कमी करत जावी, आणि तीन-चार वर्षांचा आराखडा पहिल्याच दिवशी जाहीर करावा. बाजाराने दार लावल्यावर वेग ठरवण्याची मुभा राहत नाही.

कात्री कुठे लावायची, हा सगळ्यात अवघड भाग. व्याज द्यावंच लागतं. पगार, निवृत्तिवेतन आणि कायद्याने बांधलेली अनुदानं वर्षाच्या मध्ये हलत नाहीत. मग मार्च जवळ आला की हात जातो तो भांडवली कामांवर आणि देखभालीवर. रस्त्याचा डांबरी थर वेळेत बदलला नाही तर पाणी खालच्या खडीत उतरतं आणि मग पायापासून रस्ता करावा लागतो, त्याला कित्येक पट खर्च येतो. अर्धवट थांबलेल्या पुलाची किंमत तर थांबतच नाही. कंत्राटदार पडून राहिलेल्या यंत्रांची भरपाई मागतो, दरवाढीचं कलम लागू होतं, आणि पुलाच्या कर्जावरचं व्याज चालू राहतं, पण पुलावरून एकही गाडी जात नाही. नोकरभरती बंद करणं हे असंच सोपं वाटणारं काम आहे. ज्या विभागात जास्त माणसं निवृत्त होतात तो विभाग रिकामा होतो, मग तो करवसुलीचा असो वा परिचारिकांचा. कंत्राटी माणसं घेतली जातात आणि तोच खर्च दुसऱ्या लेखाशीर्षाखाली परत येतो. सरसकट १० टक्के कपातही तशीच: काटकसरीने चालणारं खातं आणि उधळं खातं एकाच मापाने कापलं जातं, आणि पुढच्या वर्षी सगळीच खाती मागणी फुगवून पाठवतात.

याला पर्याय आहे, आणि तो करून दाखवलेला आहे. १९९३-९४ मध्ये कॅनडाच्या संघ सरकारची तूट ४२ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात होती आणि महसुलातल्या प्रत्येक डॉलरमधले ३० सेंटहून जास्त व्याजात जात होते. १९९४ पासून तिथे प्रत्येक कार्यक्रमाला सहा प्रश्न विचारले गेले. हे काम लोकहिताचं आहे का? ते सरकारनेच करायला हवं का? केंद्राने करावं की प्रांताने? खासगी किंवा स्वयंसेवी संस्थांकडे किती सोपवता येईल? करायचंच असेल तर कमी खर्चात कसं होईल? आणि एवढं सगळं करून ते परवडतं का? उत्तरं खात्याखात्यांत वेगळी आली. वाहतूक खात्याचा खर्च जवळपास निम्म्यावर आला, विमानतळ स्थानिक संस्थांकडे गेले, हवाई वाहतूक नियंत्रण १९९६ मध्ये ना-नफा कंपनीकडे सोपवलं. काही खात्यांना जेमतेम धक्का बसला. १९९७-९८ मध्ये सरकार शिलकीत आलं. मात्र दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. त्या वर्षांत व्याजदर उतरत होते आणि शेजारच्या अमेरिकेला निर्यात वाढत होती, म्हणून कपातीचा घाव झाकला गेला. आणि प्रांतांना दिला जाणारा निधी कापल्याने तुटीचा काही भाग आरोग्य आणि शिक्षण सांभाळणाऱ्या प्रांतांच्या गळ्यात पडला. वरून खाली ढकललेली तूट ही मिटलेली तूट नव्हे.

इंधन अनुदानासारखा खर्च कापायचा तर क्रम उलटा हवा, आधी भरपाई आणि मग भाववाढ. इराणने डिसेंबर २०१० मध्ये भाव अनेक पटींनी वाढवले, पण त्याआधीच कुटुंबांच्या खात्यांत पैसे जमा केले होते. ते फक्त भाववाढीच्या दिवसापासून काढता येणार होते. सुरुवात शांततेत झाली. पुढे बिघडलं ते यामुळे, की रक्कम सगळ्यांना आणि ठरावीक होती, आणि महागाईने ती खाऊन टाकली. इंडोनेशियाने जानेवारी २०१५ मध्ये, तेलाचे भाव कोसळलेले असताना पेट्रोलचं अनुदान संपवलं. ग्राहकाला झळ फारशी जाणवली नाही. अशी संधी क्वचित येते, त्यासाठी आदेशाचा मसुदा तयार असावा लागतो.

कराकडे वळताना आधी महसुलाची पातळी पाहावी. जो देश जीडीपीच्या १२-१५ टक्केच महसूल गोळा करतो, तो खर्च कापून सावरत नाही, कारण कापायला शाळा आणि दवाखाने सोडून फारसं काही नसतं. जिथे महसूल ४५ टक्क्यांच्या वर आहे, तिथे नवे कर लादून फार मिळत नाही. दर वाढवण्याआधी सवलती तपासाव्यात. करसवलत हाही खर्चच असतो, फक्त तो विधिमंडळात दरवर्षी मंजुरीला येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. कराचा पाया, म्हणजे कर भरणाऱ्यांचा घेर, एकदा विस्कटला की काय होतं, ते श्रीलंकेत दिसलं. २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि नोंदणीची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाख रुपयांवरून ३० कोटींवर नेली. दर पुन्हा वाढवता येतो. नोंदणीतून बाहेर पडलेले व्यापारी परत आणायला वर्षं लागतात. पुढे महामारी आली, पर्यटन बुडालं, आणि एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली.

मालमत्ता विकून तोंडमिळवणी करणाऱ्यांनी शिकागो शहराकडे पाहावं. २००८ मध्ये त्या शहराने पार्किंग मीटरचं उत्पन्न ७५ वर्षांसाठी सुमारे १.१५ अब्ज डॉलरला देऊन टाकलं आणि त्यातली बहुतेक रक्कम मोजक्या वर्षांत रोजच्या खर्चात संपली. विक्रीचा पैसा कर्जफेडीला जावा. तुटीच्या हिशेबात तो धरूच नये.

कर्ज कसं काढलंय, यावरही बरंच ठरतं. ८० टक्के कर्जाची सरासरी मुदत ३ वर्षं असेल तर दरवर्षी जीडीपीच्या सुमारे २७ टक्के एवढं कर्ज नव्याने उभारावं लागतं, आणि व्याजदर ३ टक्क्यांनी चढले की पहिल्याच वर्षी व्याज ०.८ टक्क्याने वाढतं. मुदत १२ वर्षं असेल तर तोच फटका ०.२ चा बसतो. लांब मुदतीच्या रोख्यांना व्याज थोडं जास्त पडतं, पण ते विम्याच्या हप्त्यासारखं समजावं. मेक्सिकोने १९९४ मध्ये उलट केलं, डॉलरशी जोडलेले अल्प मुदतीचे रोखे विकले. डिसेंबरात पेसो कोसळला आणि कर्ज रातोरात फुगलं. दीर्घ मुदतही बेफिकिरीतून वाचवत नाही. ब्रिटनचं कर्ज बरंच लांब मुदतीचं आहे, तरी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सरकारने ४५ अब्ज पौंडांची करकपात स्वतंत्र अंदाज न घेता जाहीर केली, आणि पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, कोसळणारे सरकारी रोखे विकत घेण्यासाठी बाजारात उतरावं लागलं.

शेवटचा भाग चांगल्या वर्षांचा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चिलीचा महसूल तांब्याच्या भावावर हेलकावतो. २००१ पासून तिथे नियम असा, की खर्च आजच्या भावावर नाही तर दीर्घकालीन भावावर ठरवायचा, आणि तो भाव सरकारबाहेरच्या तज्ज्ञांनी सांगायचा. तांबं तेजीत असताना जादा पैसा परदेशात गुंतवलेल्या सरकारी निधीत साठत गेला. पगारवाढ मागणाऱ्या कर्मचाऱ्यांनी २००८ मध्ये अर्थमंत्री आंद्रेस वेलास्को यांचा पुतळा जाळला. त्याच वर्षाच्या अखेरीस तांब्याचा भाव कोसळला. जानेवारी २००९ मध्ये सरकारने ४ अब्ज डॉलरचा मदतीचा कार्यक्रम जाहीर केला. त्यासाठी लागणारा पैसा निधीत पडलेला होता.